फाल्गुनातले चार गडगडाट

चार गडगडाट होते. फाल्गुन वद्य चतुर्थीच्या पानावर, तिरुमलरावांच्या बारीक सरळ अक्षरात, एकाखाली एक मांडलेले. प्रत्येकापुढे वेळ, दिशा, आणि वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत गेलेले सेकंद. पंचवीस, अठरा, बारा, सात. वेदवती वहीत कडुनिंबाची वाळलेली पानं घालायला बसली होती, कसर लागू नये म्हणून दर वैशाखात घालायची तशी, आणि हातातलं पान हातातच राहिलं. इंग्रजी तारखेच्या शेजारी बायकोला कळावी म्हणून तिथी लिहायची त्यांची रीत होती, त्यामुळे वाचण्यात चूक व्हायला जागा नव्हती. त्या चतुर्थीला ती म्हैसुरात नव्हतीच. ती सोसल्याला होती, भावाकडे, मठातल्या आराधनेला. चांगले तीन दिवस. आणि ती नसली की या घरात गडगडाट ऐकणारं कुणी नव्हतं, कारण तिरुमलरावांना ऐकू येत नव्हतं.

तिनं वही मिटली, पुन्हा उघडली. आकडे तिथंच होते. बाहेर ऊन असं पडलं होतं की आवारातली वाळू डोळ्यांत जात होती, आणि त्या उन्हात तिरुमलराव पाठमोरे उभे राहून पांढऱ्या झडपांच्या पेटीत डोकं घालून पारा वाचत होते. गावातले लोक या जागेला गाळी-मळे कचेरी म्हणत, म्हणजे वाऱ्या-पावसाची कचेरी. कचेरी ती कसली! बोगादीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तारेचं कुंपण घातलेलं एक आवार, पाऊस मोजायचं एक नळकांडं, ती झडपांची पेटी आणि वाऱ्याची दिशा सांगणारा लोखंडी खांब. कडेला दोन खोल्या आणि पडवी, ते त्यांचं घर. गेल्या आश्विनात, दसऱ्याला आलेले पाहुणे आपापल्या गावी परतून चार दिवस झाले असतील नसतील, भर दुपारी त्या खांबावर वीज पडली. तिरुमलराव खांबापासून आठ-दहा हातांवर होते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवा धरून कान पाहिले आणि पाटीवर लिहून दाखवलं: पडदे फाटलेत, भरतील, न भरतील. बस, एवढंच. पण बहिऱ्या माणसाला गडगडाट टिपायला कोण ठेवून घेणार? नोकरी गेली की घर गेलं. मग दोघांनी न बोलताच ठरवल्यासारखं ठरवलं. आभाळ भरून आलं की ते घड्याळ हातात घेऊन पडवीत बसायचे, वीज त्यांना डोळ्यांनी दिसायची, आणि मागे उभी राहून ती त्यांच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवायची. आवाज आला की बोट दाबायचं. एकदा दाबलं की ते लिहायचे. महिन्याला एकदा वहीची नक्कल बंगळूरला जायची, आणि वहीला कान आहेत की नाहीत हे बंगळूरला कुणी विचारत नव्हतं. सात महिने असे सुखाने गेले. सुखाने, हो. हा शब्द तिच्या मनात आला आणि तिला त्याची भीती वाटली.

कारण सुख त्यांच्या खांद्यावर बोट ठेवण्यात नव्हतं, किंवा असलं तर थोडं; सुख होतं ते बोलण्यात. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, त्यातली तेरा तिनं गिळलेल्या शब्दांवर काढली होती. तिरुमलराव ओरडणारे नव्हते, हात उगारणारे तर नव्हतेच. जेवताना पानाकडे बघून म्हणायचे, "आज ईशान्येला जड ढग आहेत," आणि भात संपेपर्यंत पुढचं वाक्य यायचं नाही. त्यांना आभाळाचं सगळं कळायचं. घरात आभाळ नव्हतं, म्हणून घरातलं काही कळायचं नाही. आणि मग एकाएकी घरात एक असा माणूस आला की ज्याच्यासमोर काहीही बोललं तरी चालत होतं! पहिले काही दिवस ती नुसती पुटपुटली. मग भाजी चिरताना मोठ्यानं बोलू लागली. मग पहाटे, उजाडता उजाडता, जात्यावर बसली की आईकडून आलेल्या चालीवर स्वतःचं घालू लागली. आईच्या ओव्या भावा-बहिणीच्या होत्या, हिच्या निराळ्याच निघाल्या.

*दगडाला सांगू किती, दगड माझा दयाळ*
*माझ्या मनीचा गं बाई पिठात गेला गाळ.*

गाळ पुष्कळ होता. तुंगेचं तिनं पहिल्यांदा जात्यावरच म्हटलं. त्यांची पोर तुंगा तीन वर्षांची होती, अंगात ताप होता, आणि बाहेर गारा पडत होत्या. असल्या गारा की कौलं फुटत होती आणि दावणीची जनावरं हंबरत होती. वेदवती पोरीला मांडीवर घेऊन हाका मारत होती आणि ते आवारात होते, डोक्यावर पाट धरून. आत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक गार होती. लिंबाएवढी. ती त्यांनी पुढे केली. दाखवायला की पोरीच्या कपाळावर ठेवायला, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि पोरीला तोवर कशाचीच गरज उरली नव्हती. पुढे कधीतरी तिनं वहीतलं ते पान पाहिलं: गारा, लिंबाएवढ्या, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. त्या पानावर तेवढंच होतं. तर हे सगळं तिनं जात्यात घातलं. आणि ते सरलं तेव्हा, माघात असेल, तळाशी बसलेली एकच गोष्ट उरली, आणि एका सकाळी तीही वर आली.

*अंगणी पडली वीज, धनी पडले चिखलात*
*तीस मोजिले गं बाई, मी उभी दारात.*

तीस. आश्विनातल्या त्या दुपारी वीज पडली तेव्हा ती उंबऱ्यात होती. सगळं पांढरं झालं, आवाज आला की नाही तेही कळलं नाही, जळक्या गंधकासारखा वास आला, आणि मग पावसात तिला दिसलं की ते चिखलात आडवे पडलेत आणि हलत नाहीत. तिनं धावायला हवं होतं. ती धावली नाही. तिच्या आत कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, सुटलीस. आणि पाय उंबऱ्याला चिकटले. तेरा वर्षं त्यांच्याच शेजारी राहून लागलेली खोड असेल, ती मोजत होती. एक, दोन, तीन. तीसपर्यंत मोजलं आणि मग गेली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. देवाच्या खोलीतही नाही. फक्त जात्याला सांगितलं, रोज, नवऱ्यापासून दहा पावलांवर बसून, कारण तो बहिरा होता.

आणि आता हे चार गडगडाट.

एकदा संशय आला की तो काही एका कोपऱ्यात बसून राहत नाही. दिवसभर ती त्यांच्या मागोमाग डोळे फिरवत राहिली आणि मागचे सात महिने तिच्यापुढे निराळेच होऊन येऊ लागले. परवा दूध उतू जायच्या आत ते पडवीतून उठून आले होते. वास आला असेल. पण वाऱ्याची झुळूकही नव्हती. बैलगाडी वळणावर दिसायच्या आधी ते रस्त्याच्या कडेला झाले होते. जमीन हादरते, बहिऱ्याला पायांतून कळतं म्हणतात. कळत असेल. शेजारच्या भागीरथीबाईंनी आपल्या नवऱ्याची नक्कल केली तेव्हा ते मिशीत हसले होते. तिचे हातवारेच तसले, आंधळासुद्धा हसेल. प्रत्येक गोष्टीला दोन अर्थ होते आणि दोन्ही पुरे पडत होते. आणि पहाटे? पहाटे ते पडवीत डाव्या कुशीवर झोपायचे. हल्ली, गेले कित्येक महिने, उजव्या कुशीवर झोपतात. म्हणजे डावा कान वर. हे तिला का दिसलं नव्हतं? दिसलं होतं, तिनं त्यांच्या अंगावरची वाकळ सारखी केली होती.

संध्याकाळी ती भागीरथीबाईंच्या कुंपणाशी गेली. त्यांचे मालक फत्तेसिंगराव रिसाल्यातले. घरात माणसांपेक्षा घोड्यांचं बोलणं जास्त.

"भागीरथक्का, मी सोसल्याला गेले होते ना फाल्गुनात, तेव्हा इकडे गुडुगु झाला होता काय?"

"गुडुगु?" भागीरथीबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "अय्यो वेदक्का, केवढा गडगडाट! आमच्या ह्यांची घोडी दावं तोडून थेट तळ्याकडे पळाली. हे तिच्यामागं, मी यांच्यामागं. रिसाल्यात वीस वर्षं झाली म्हणे, आणि एका घोडीला धरायला बायको लागते!"

"किती वेळा झाला?"

"आता ते काय मी लिहून ठेवते? ते तुमच्या घरचं काम." त्या हसल्या. "तीन असतील, चार असतील. पण का गं?"

"सुम्ने. असंच." वेदवतीनं कुंपणाची एक तार दोन बोटांत धरली. "तेव्हा आमच्या घरी कुणी आलं होतं?"

"आमची वनजा आली होती की शहाळं घेऊन. भाऊजी एकटे आहेत, म्हटलं दे नेऊन." वनजा त्यांची धाकटी नणंद, अठराची, माहेरी परत आलेली. वेदवतीला एकदम दिसलं: पडवी, घड्याळ, आणि त्या उजव्या खांद्यावर दुसरंच एक बोट, कोवळं, शहाळ्याच्या पाण्यानं ओलं. तार तिच्या बोटांत रुतली.

"थांबली असेल ना जरा वेळ?"

"थांबते कसली! कट्ट्यावर शहाळं टाकलं नि धूम ठोकली. ती कसली भित्री आहे, ठाऊक नाही काय? आभाळ नुसतं खाकरलं तरी कांबळ्यात शिरून कान दाबून बसते. त्या दिवशी तिला बाहेर काढायला मला गूळ द्यावा लागला, नोड, बघ!"

वेदवतीला हसू आलं नाही आणि हायसंही वाटलं नाही. वनजा असती तर बरं झालं असतं, असं घरी येताना तिच्या मनात आलं, आणि आपण काय इच्छिलं हे कळून ती रस्त्यातच थांबली. नवऱ्याच्या खांद्यावर परक्या बाईचा हात तिला चालला असता. त्यांनी ऐकलेलं चालणार नव्हतं. ऐकत असतील तर त्यांना ते तीस ठाऊक होते. रोज तिच्या हातचा भात खाताना ठाऊक होते, तिचं बोट खांद्यावर असताना ठाऊक होते. तसं असेल तर या घरात राहायचं नाही. सोसल्याला जायचं, भावाच्या परसात तुळशीला पाणी घालत राहायचं, परत यायचं नाही. तिनं मनातल्या मनात लुगडी बांधूनसुद्धा ठेवली. फक्त खात्री व्हायला हवी होती.

दोनच दिवसांनी आभाळ आलं. दुपारची तीनची वेळ. चामुंडीच्या डोंगरामागून ते वर चढलं, आधी तांब्याच्या रंगाचं, मग शाईचं, आणि डोंगरावरचं देऊळ एखाद्या पांढऱ्या दाण्यासारखं त्यापुढे उठून दिसू लागलं. वारा पडला. कावळे गप्प झाले. तिरुमलराव घड्याळ घेऊन पडवीत बसले, मांडीवर वही, आणि ती मागे उभी राहून उजव्या खांद्यावर बोट ठेवून वाट पाहू लागली. तिच्या हातात एवढी मोठी लबाडी होती की हात थंड पडला होता. पहिले तीन गडगडाट तिनं इमानानं दिले. चौथा आला, चांगला दणदणीत, पडवीची कौलं थरथरली. तिनं बोट दाबलं नाही. ती त्यांच्या मानेकडे बघत राहिली. मानेवरचा एक केस हलला नाही, हात वहीकडे गेला नाही. ते घड्याळाकडे बघत होते, आवाजाची अजून वाट बघत असल्यासारखे. बराच वेळ बघून त्यांनी घड्याळ खाली घेतलं. काही लिहिलं नाही. तिचा जीव एकदम सैल झाला. ऐकू येत नाही! देवा, येत नाही. मग उत्तरेला, फार लांब, नुसतीच वीज लवली. ढगाच्या पोटात दिवा लावून मालवावा तशी, मुकी. आवाज काही आला नाही, येणारही नव्हता. ती मनात मोजत राहिली आणि वीसवर तिनं बोट दाबलं.

ते लिहायला वाकले. टाक कागदावर टेकला आणि थांबला. फार नाही, शाईचा एक थेंब गोळा होऊन कागदावर पसरेल एवढाच. मग त्यांनी लिहिलं: उत्तर, वीस.

रात्रभर तिला तो ठिपका दिसत राहिला. आंधळेपणानं लिहायचं असतं तर हात थांबला कशाला? आणि ऐकू येत असतं तर लिहिलं कशाला? चौदा वर्षांत या माणसानं एक खोटा थेंब वहीत पडू दिला नव्हता. एकदा मापाच्या नळकांड्यात चिमणीनं घाण केली म्हणून 'आज पाऊस शंकास्पद' असं लिहून ते जेवले नव्हते. आणि मग तिला कळलं. खऱ्या आवाजाला त्यांनी वहीला हात लावला नाही, आणि न झालेला आवाज वहीत लिहिला, कारण ती म्हणाली म्हणून. तिचं बोट म्हणालं म्हणून. असं बहिरा माणूस करतो. आणि असंच दुसराही एक माणूस करू शकतो, ज्याला आपलं बहिरेपण कुणासाठी तरी तसंच राहू द्यायचं आहे. यांतला कोणता, हे मानेवरून कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती जात्यावर बसली आणि तोंड उघडलं नाही. नुसतं जातं फिरत राहिलं, दगडावर दगड. तिसऱ्या दिवशीही तसंच. घरात पूर्वीसारखी, तेरा वर्षांसारखी शांतता झाली, आणि तिच्या ध्यानात आलं की ही शांतता आपल्याला आता सोसत नाही. ती ओठ मिटून दळत होती आणि कान पडवीकडे लावून होती. आता तीच ऐकत होती.

चौथ्या दिवशी उजाडताना दारात सावली पडली. चौदा वर्षांत तिरुमलराव दळणाच्या वेळी कधी आत आले नव्हते. अंगावर नुसता धोतराचा सोगा ओढून घेतलेला, केस विस्कटलेले. ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि जात्याकडे बघून म्हणाले, "आज तीन दिवस झाले."

तिच्या हातातली खुंटी थांबली. जातं अर्ध्यावर राहिलं. पीठ कडेनं सांडत होतं ते सांडायचं थांबलं.

"ऐकू येतं तुम्हाला," ती म्हणाली. त्यांच्याकडे न बघता, साध्या आवाजात, भाजी चिरताना बोलायची तशी.

"डाव्यानं. उजव्यात काही नाही."

"केव्हापासून?"

"दवाखान्यातून आलो, त्यानंतर चौथ्या दिवशी. तू तेव्हा गवारीवर रागावली होतीस. निबर निघाली म्हणून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू केळली नाहीस."

हा कन्नडातला केळ त्यांच्या घरच्या मराठीत कधीचाच येऊन बसला होता. विचारणं म्हणजेही केळणं, ऐकणं म्हणजेही केळणं. तू विचारलं नाहीस, की तू ऐकलं नाहीस? की कधीच ऐकलं नाहीस, त्या ईशान्येच्या ढगांच्या पलीकडे? तिनं वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेवढं तिला दिसलं. बाकी जे होतं ते तिला वाचता येईना.

"आणि बोट का ठेवू दिलंत मग?"

त्यांचा उजवा खांदा किंचित हलला, माशी बसल्यावर हलतो तसा.

"म्हणजे सगळं ऐकलंत. तुंगेचं. आणि ते…" लुगडी मनात बांधून तयार होती, गाठोडं हातात घ्यायचं तेवढं राहिलं होतं. "मी उभी होते ते."

"ते ऐकायची गरज नव्हती," तिरुमलराव म्हणाले. "माझे डोळे उघडे होते. हात-पाय उचलत नव्हते, पण तू दिसत होतीस. निळं लुगडं होतं." मग वही वाचून दाखवावी तशा सपाट आवाजात म्हणाले, "आणि तू मोजतेस ते चुकतंय. तीस नाहीत. वीज दिसली की मी मोजायला लागतो, सवय आहे. तू येऊन मला हात लावलास तेव्हा अकरा झाले होते."

अकरा. अकरा म्हणजे काय? अकरा म्हणजे बाई दचकते, देवाचं नाव घेते, पदर खोचते आणि धावते. अकरात कुणी कुणाला मारत नाही. तिचे तीस तिनं रोज दळून दळून वाढवले असतील. भीतीनं मोजलेला आकडा लांबतो, हे तिला कळत होतं. तेव्हा अकरा खरे असतील. आणि याच माणसानं तीन दिवसांपूर्वी, एका बोटाखातर, उत्तरेला न झालेला गडगडाट वहीत लिहिला होता, तोही असाच, सपाट, न कचरता. कचरून, पण लिहिला होता. तिनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. शाईचा ठिपका माणसाच्या चेहऱ्यावर कुठं पडतो, हे ती शोधत होती.

सापडला नाही. बाहेर गवळी आला, त्यानं दोनदा हाक मारली, आणि दोघांनीही ती ऐकली आणि दोघंही जागचे हलले नाहीत. तिनं सांडलेलं पीठ हातानं गोळा केलं. मुठीत नाचणी घेतली, जात्याच्या तोंडात सोडली, खुंटी धरली.

"मी तीसच म्हणणार," ती म्हणाली.

"म्हण," तिरुमलराव म्हणाले, आणि डावा कान तिच्याकडे करून उंबऱ्यावर बसले.